प्रगतिपुस्तक कोणी भरायचे?

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात मूल्यांकनासाठी लागणारा स्वयंअध्ययन अहवाल तयार करण्याचे काम चालू होते. मराठी विभागाच्या वाट्याला आलेले तक्ते मी भरत बसले होते. वर्षभरात किती चर्चासत्रे घेतली, उपस्थिती किती, कोणते ‘उत्तम उपक्रम’ राबवले, हे सगळे आकड्यांत लिहायचे होते. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी मदतीला आली होती. ती एका आदिवासी तालुक्यातली, आणि तिची आई अंगणवाडी सेविका. थोडा वेळ तक्ते न्याहाळून ती म्हणाली, “मॅडम, हे तर आईच्या मासिक प्रगती अहवालासारखंच आहे.”

मग तिने एक हकीकत सांगितली. एका महिन्यात तिच्या आईच्या अंगणवाडीत तीव्र कमी वजनाच्या रकान्यातली बालके दोनाची चार झाली. अहवाल वर गेला आणि निरोप आला, वजनकाटा नीट तपासा. आईने चारही मुलांची वजने पुन्हा केली. ती तितकीच भरली. “काटा बरोबर होता, मॅडम. मग आईनं एका पोराचं वय दोन महिन्यांनी कमी लिहिलं. वय कमी झालं की तेवढंच वजन पुरेसं दिसतं.” त्या महिन्याच्या अहवालात चाराची तीन झाली. कागदावर प्रगती झाली. ज्या मुलाचे वय कमी झाले, ते जादा आहाराच्या यादीतून मात्र बाहेर पडले.

ही हकीकत मी लाचलुचपतीची गोष्ट म्हणून सांगत नाही. त्या सेविकेला यातून एक पैसाही मिळाला नाही. तिला फक्त प्रश्न टाळायचे होते. माझ्यापुढे तेव्हापासून उभा असलेला प्रश्न निराळा आहे. एखाद्या राज्य शासनाने सार्वजनिक आरोग्यात आणि समाजकल्याणाच्या कामात किती प्रगती केली, हे आपण मोजतो कसे? आणि ते मोजणाऱ्या माणसाला खरे लिहिण्याची मुभा असते का?

आपल्याकडे शाळकरी मुलाच्या निकालपत्राला ‘प्रगतिपुस्तक’ असा सुरेख शब्द आहे. त्या पुस्तकाचा एक अलिखित नियम असा की ते मूल स्वतः भरत नाही. गुण शिक्षक देतात, सही पालक करतात. शासनाच्या बाबतीत मात्र हा नियम आपण उलटा केला आहे. योजना राबवणारा विभागच लाभार्थी मोजतो, तोच टक्केवारी काढतो, आणि तीच टक्केवारी जाहिरातीत छापली जाते. सही करणारे पालक, म्हणजे आपण नागरिक, पुस्तक उघडूनही पाहत नाही.

महाराष्ट्राला हा धडा एकदा फार मोठी किंमत देऊन मिळाला आहे. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू गाजले. पाठोपाठ १९९३ मध्ये मेळघाटातले कोरकू मुलांचे मृत्यू देशभर चर्चेत आले. तेव्हापासून ‘कुपोषण’ हा शब्द पावसाळ्यासोबत वृत्तपत्रांत येऊ लागला आणि पावसाळ्यासोबत जाऊ लागला. मृत्यू ही जणू त्या दोन मुलखांपुरती आणि तेवढ्या चार महिन्यांपुरती गोष्ट होती. या समजुतीला धक्का दिला तो २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने. गडचिरोलीत १९८६ पासून काम करणाऱ्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेसह राज्यातल्या १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातल्या जन्म-मृत्यूंची काळजीपूर्वक नोंद केली होती. त्या नोंदींवरून राज्यात दरवर्षी दीड लाखाहून अधिक बालके मरत असावीत, असा अंदाज निघाला. सरकारी आरोग्यखात्याच्या मासिक नोंदींत दिसणारी संख्या त्याच्या एका लहानशा हिश्श्याएवढीच होती.

या अहवालाचे खरे महत्त्व मला इथे वाटते. मुले मरत आहेत, हे मेळघाटामुळे ठाऊक झालेच होते. अहवालाने सांगितले ते हे, की शासन आपले मृत्यू मोजतच नाही. आणि जे मोजलेले नाहीत त्यांच्यासाठी ना तरतूद होते, ना उत्तर द्यावे लागते. मराठीच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट जाणवते. आकडेवारीच्या अहवालाला बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक काव्यमय नाव दिले. पानगळ जून पानांची व्हायची असते. कोवळी पाने गळणे हे निसर्गक्रमाला सोडून आहे. त्या दोन शब्दांनी जे काम केले ते ‘बालमृत्युदराचे पुनर्मापन’ अशा शीर्षकाने झाले नसते. पण आत पक्के आकडे नसते तर त्या नावाने केवळ चार दिवस हळहळ निर्माण केली असती. शासनाने २००३ मध्ये डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली, ती नोंदींचे हे अपुरेपण नाकारणे अशक्य झाले म्हणून.

आता प्रामाणिकपणे पुढची बाजूही सांगितली पाहिजे, कारण शासनाला शिव्या देणे हे मूल्यमापन नव्हे. केंद्राच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २००१ मध्ये महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे ४५ अर्भके वर्षाच्या आत दगावत होती; २०२० मध्ये ही संख्या १६ वर आली. २००१-०३ या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होई. २०१८-२० मध्ये तो दर ३३ झाला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत राज्यातली ६४.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली होती. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत ९४.७ टक्के. हे आकडे राज्याच्या आरोग्यखात्याने स्वतःविषयी स्वतः लिहिलेले नाहीत, म्हणून त्यांवर विश्वास ठेवायला जागा आहे. यामागे हजारो परिचारिका, आशा, सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांचे श्रम आहेत. गडचिरोलीत ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग झाला, आणि तुलनेच्या ४७ गावांशी ताडून ज्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले, त्याची पद्धत २०११ पासून देशभरातल्या आशांच्या कामाचा भाग झाली. प्रगती झालीच नाही असे म्हणणारा माणूस या सगळ्यांवर अन्याय करतो.

परंतु त्याच पाहणीची पुढची पाने उलटली की चित्र पालटते. पाच वर्षांखालील खुज्या, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या मुलांचे प्रमाण राज्यात २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये ३४.४ पर्यंत उतरले आणि २०१९-२१ च्या फेरीत ३५.२ वर थबकले. उंचीच्या मानाने रोडावलेल्या मुलांचे प्रमाण तर १६.५ वरून २५.६ पर्यंत चढले आणि दोन्ही फेऱ्यांत तिथेच राहिले. अतितीव्र रोडावलेली मुले ५.२ टक्क्यांवरून ९.४ आणि मग १०.९ टक्के झाली. कमी वजनाची मुले २००५-०६ मध्ये ३७ टक्के होती, नंतरही ३६ टक्केच. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेला. आणि हे सांगताना करोनाचे कारण पुढे करता येत नाही, कारण पाचव्या फेरीतले महाराष्ट्राचे काम महासाथ येण्याआधी उरकले होते.

मूल जगते, पण वाढत नाही, असा याचा अर्थ. या विसंगतीचे उत्तर शोधताना ‘मोजमाप’ हा विषय पुन्हा पुढे येतो. मूल जगवण्यासाठी लागणाऱ्या अनेक गोष्टी शासन एकेका भेटीत देऊ शकते: लस, दवाखान्यातले बाळंतपण, न्यूमोनियावरचे औषध. दिली की नोंदवता येतात, नोंदवली की मोजता येतात. मूल वाढण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मात्र रोजच्या रोज घडाव्या लागतात. घरात डाळ आणि अंडे हवे, पिण्याचे पाणी स्वच्छ हवे, आईचे लग्न कोवळ्या वयात झालेले नसावे, गरोदरपणात तिला विसावा मिळावा, ती शेतावर गेली तर मुलाला भरवायला कोणी तरी असावे. यातले काहीही एका विभागाच्या रकान्यात बसत नाही. पुरवठा, पाणी, रोजगार, शिक्षण, महिला व बालविकास अशा पाच-सहा खात्यांत ते विखुरले आहे, आणि प्रत्येक खात्याचा आपला अहवाल समाधानकारक आहे. आहाराची पाकिटे वाटली, हा आकडा अंगणवाडीच्या अहवालात असतो. ते पाकीट कोणी खाल्ले, मुलाने की घरातल्या चौघांनी मिळून, की कोंबड्यांनी, हे त्यात नसते. ‘दिले’ आणि ‘झाले’ ही दोन क्रियापदे निराळी आहेत. शासकीय मराठीत मात्र पहिले लिहून दुसरे गृहीत धरले जाते. ‘लाभार्थी’ या शब्दाची घडणही अशीच आहे. ज्याला लाभ हवा आहे तो खरे तर लाभार्थी. आपण मात्र ज्याच्या नावापुढे वस्तू वाटल्याची सही आहे त्याला लाभार्थी म्हणतो.

मोजमापाचे इतरही सापळे आहेत, आणि ते सगळेच कोणी मुद्दाम लावलेले नसतात. २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. ही योग्य दिशेने टाकलेली पावले होती. २०१२ च्या एका स्वतंत्र पाहणीत असे दिसले की दोन वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण सात वर्षांत ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले. याचे देशोदेशी कौतुक झाले. पुढे २०१५-१६ च्या पाहणीत ३४.४ हा आकडा आला तेव्हा अनेकांना वाटले की मधल्या तीन वर्षांत सगळे ढासळले. पण पहिला आकडा दोन वर्षांखालील मुलांचा होता, दुसरा पाच वर्षांखालील. खुजेपणा पहिल्या दोन-अडीच वर्षांत हळूहळू साचत जातो. म्हणून लहान वयोगटात तो नेहमीच कमी दिसणार. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांची वजाबाकी करणे चूक होते. तरीही ज्याला कौतुक करायचे त्याने २३ उचलले आणि ज्याला टीका करायची त्याने ३४.

मोजपट्टी बदलली तरी असेच घडते. अंगणवाड्यांत पूर्वी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या श्रेणी वापरल्या जात, आणि प्रमाण वजनाच्या साठ टक्के किंवा त्याहून कमी वजन असले तरच मूल तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत, म्हणजे तीव्र कुपोषितांत जाई. २००८ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेचे वृद्धितक्ते आले. नवी रेषा अधिक वर होती. काल जे मूल दुसऱ्या श्रेणीत होते, ते त्याच वजनावर आज ‘तीव्र कमी वजना’चे ठरू शकले. मूल तेच, काटा तोच, रकाना बदलला. अशा वेळी जुने आणि नवे आकडे एका ओळीत मांडून ‘वाढ’ किंवा ‘घट’ जाहीर करणे ही निरक्षरता आहे, मग ती मंत्र्याची असो वा वार्ताहराची. रक्तक्षयाचेच पाहा. बोटाला सुई टोचून घेतलेल्या रक्तावरून रक्तक्षयाचे प्रमाण खरे कळत नाही, असा शास्त्रीय आक्षेप होता, आणि सहाव्या फेरीतून ही तपासणी वगळण्यात आली. आक्षेपात तथ्य आहे. पण जुनी मोजपट्टी टाकताना तितक्याच नियमाने मोजणारी नवी हातात असावी लागते. नाहीतर दोषाबरोबर दुखणेही यादीतून नाहीसे होते.

सरासरीविषयी तर आपण फारच भाबडे आहोत. राज्याच्या सरासरीत मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर यांच्याबरोबर नंदुरबारही मिसळलेले असते. १९९८ मध्ये निर्माण झालेल्या या जिल्ह्यात चौथ्या आणि पाचव्या अशा दोन्ही फेऱ्यांत पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालके कमी वजनाची आढळली. राज्याची सरासरी ३६, आणि एका जिल्ह्यात दर दोन मुलांपैकी एकाहून जास्त! अक्कलकुवा किंवा धडगावच्या आईला राज्याच्या सरासरीचा उपयोग काय? शिवाय कित्येक मुले कोणत्याच सरासरीत धड सापडत नाहीत. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचे नाव गावाच्या रजिस्टरात असते, मूल मात्र पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर, पालाखाली. गावात ते ‘गैरहजर’ आणि फडावर ‘बाहेरचे’. याच स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि चौकशी समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. वर्षानुवर्षे हे चालू असताना एकाही मासिक प्रगती अहवालात त्याने धोक्याची घंटा वाजवली नाही. त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलामुलींचे प्रमाण हजारास ८०७ इतके खाली आले होते, हेही विसरून चालणार नाही.

हल्ली या सगळ्यावर उतारा म्हणून क्रमवारी आली आहे. नीती आयोगाच्या आरोग्य निर्देशांकाच्या २०१९ च्या फेरीत मोठ्या राज्यांत महाराष्ट्र तिसरा होता, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरीत पाचवा. त्यावरून विधिमंडळात आणि वाहिन्यांवर बरीच हमरीतुमरी होते. पण या निर्देशांकात एक शहाणपणाची गोष्ट होती, जिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. तिथे राज्याची ‘पातळी’ आणि राज्याची ‘गती’ स्वतंत्रपणे मोजली होती. २०२१ च्या त्या फेरीत पातळीत केरळ पहिला आणि उत्तर प्रदेश शेवटचा. गतीत मात्र उत्तर प्रदेश पहिला. वर्गात आम्हा शिक्षकांना हा भेद रोज दिसतो. घरी पुस्तकांची कपाटे असलेल्या मुलाचे पंच्याहत्तर टक्के आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे पस्तीसवरून पन्नास झालेले टक्के, यांतून शिकवण्याविषयी निरनिराळ्या गोष्टी कळतात. महाराष्ट्राला मात्र आपली जुनी पातळी मिरवण्याची सवय लागली आहे. श्रीमंत राज्य आहोत, म्हणून पातळी बरी आहे. प्रश्न असा विचारला पाहिजे की इतक्या संपत्तीच्या राज्याची गती इतकी कमी का? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी आणि हे २०२० पर्यंत साधावे, असे सांगितले होते. महाराष्ट्र त्या रेषेच्या बराच खाली राहिला. खर्च हाही प्रगतीचा एक आकडा आहे, आणि तो लपवायला वजनकाटा दोषी ठरवता येत नाही.

यावर माझ्याच क्षेत्रातले काही मित्र एक आक्षेप घेतात. त्यांच्या मते माणसाचे दुःख आकड्यांत मावत नाही. आकडे माणसाला गोठवतात. ही सगळी तक्त्यांची संस्कृतीच नाकारली पाहिजे. महाविद्यालयात तक्ते भरताना मलाही हेच वाटत होते, हे कबूल करते. पण ‘कोवळी पानगळ’ आठवली की हा आक्षेप मला पोटभरल्या माणसाचा वाटतो. धडगावच्या मुलाचे दुःख मुंबईच्या सचिवालयापर्यंत पोहोचवणारे दुसरे वाहन कोणते आहे? त्याच्यावर कादंबरी लिहिली जाईल तेव्हा जाईल. एका मुलाचा मृत्यू ही नशिबाची गोष्ट म्हणून झटकता येते, हजारो मृत्यूंची मोजदाद तशी झटकता येत नाही. मोजणे ही शासनाची लहर असता कामा नये, तो गरिबाचा हक्क आहे. म्हणूनच माझी तक्रार मोजण्याविषयी नाही. ज्याला मोजायला लावले आहे त्याच्याच मानेवर निकालाची तलवार टांगण्याविषयी ती आहे.

कोणतेही माप एकदा उद्दिष्ट झाले की माप म्हणून त्याचा भरवसा राहत नाही, अशा आशयाचे एक तत्त्व ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाते. आमच्या विद्यार्थिनीच्या आईने गुडहार्टचे नाव ऐकलेले नाही. पण तिने ते तत्त्व एका मुलाच्या जन्मतारखेत अनुभवले आहे. मृत्यूंची नोंद वाढली की खुलासा मागायचा, आणि नोंद कमी झाली की शाबासकी द्यायची, अशी व्यवस्था असेल तर कमी होतात त्या नोंदी. खरे तर नोंदी वाढणे हे अनेकदा प्रगतीचे पहिले लक्षण असते. करोनाच्या काळात महाराष्ट्राची अधिकृत मृत्युसंख्या देशात सर्वाधिक, सुमारे १ लाख ४८ हजार भरली. त्याला साथीचा जोर कारण होताच. पण २०२१ च्या उन्हाळ्यात राज्याने जुन्या नोंदी पडताळून हजारो राहून गेलेले मृत्यू आकडेवारीत जमा केले, हेही तितकेच खरे. त्याबद्दल राज्याची पाठ थोपटायला हवी होती. झाली ती नाचक्की. ज्यांनी नीट मोजले नाही ते त्या तक्त्यात वर राहिले. असा न्याय असेल तर पुढच्या साथीत कोण खरे मोजेल?

मोजण्याचे साधन आणि मोजण्याची भाषा यांचाही विचार व्हावा. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आले आणि अंगणवाडीची माहिती त्यात भरणे आवश्यक झाले. त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन निकृष्ट आहेत ही एक तक्रार होती. दुसरी अशी, की ॲप इंग्रजीत आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी आणि साहित्य संस्थांनी तेव्हा या बायकांच्या बाजूने उभे राहायला हवे होते. अभिजात दर्जासाठी आपण ठराव करत होतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या स्त्रीला आपल्या पाड्यावरच्या मुलाचे वजन मराठीत नोंदवता यावे, ही मागणी आपल्याला भाषेची मागणी वाटली नाही. २०२४ मध्ये दर्जा मिळाला, आनंदच आहे. पण ज्या भाषेत तेव्हा बाळाचे वजन लिहिता येत नव्हते, तिची प्रगती तरी कशी मोजायची?

मग शासनाचे प्रगतिपुस्तक कसे असावे? मी तज्ज्ञ नाही, पण सही करणाऱ्या पालकाच्या नात्याने चार अपेक्षा मांडते. पहिली, काम करणारा हात आणि मोजणारा हात वेगळे असावेत. सेविकेने वजन करावे ते उपचारासाठी. राज्याच्या यशापयशाचा निवाडा स्वतंत्र पाहणीवरून व्हावा, आणि तिच्या फेऱ्या नियमाने व्हाव्यात. दुसरी, प्रत्येक आकड्याबरोबर पातळी, गती आणि सर्वांत मागे असलेल्या जिल्ह्याची स्थिती या तिन्ही गोष्टी छापाव्यात. राज्याची सरासरी सुधारली आणि नंदुरबार तिथेच राहिले, तर त्याला प्रगती म्हणू नये. तिसरी, प्रत्येक बालमृत्यूची आणि मातामृत्यूची चर्चा व्हावी ती कारण शोधण्यासाठी; खरी नोंद केली म्हणून कोणाला नोटीस जाऊ नये, आणि नोंद लपवली तर मात्र जरूर जावी. चौथी, गावाचे आकडे गावात परत यावेत. ग्रामसभेत, मराठीत, मोठ्याने वाचले जावेत. आपल्या पाड्यावर या वर्षी किती मुले जन्मली, किती दगावली, किती रोडावली, हे त्या मुलांच्या आयांना ठाऊक असतेच. कागद त्यांच्यासमोर वाचला गेला तर त्यात दोन महिन्यांचीसुद्धा लबाडी टिकणार नाही.

यातली एकही अपेक्षा फार खर्चिक नाही. तरीही ती अवघड आहे, कारण शासनाने स्वतःविषयी वाईट बातमी ऐकण्याची तयारी ठेवणे हा तिचा पाया आहे. मुलाचे वाढते वय आणि न वाढणारे वजन या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर खऱ्या लिहिल्या गेल्या, तर पहिल्या वर्षी आकडे बिघडलेलेच दिसतील. तेव्हा मंत्र्यांनी, वृत्तपत्रांनी आणि आपण वाचकांनीही तेवढा धीर धरला पाहिजे.

आमचा स्वयंअध्ययन अहवाल पूर्ण होऊन गेला. पंधरा-वीस दिवसांनी ती विद्यार्थिनी भेटली तेव्हा मी तिला विचारले, त्या मुलाचे पुढे काय झाले? ती म्हणाली, “पुढच्या महिन्यात आईनं खरं वय लिहिलं. त्याला आहार चालू झाला.” आणि वरून विचारणा झाली तर? “आई म्हणाली, सांगीन, आधी माझंच लिहिताना चुकलं होतं.”

खरे लिहिण्यासाठी तिला चुकीचा दोष स्वतःवर घ्यावा लागला. असे कोणालाही करावे न लागणे, हे राज्याच्या प्रगतीचे एक माप म्हणून कुठल्या तरी तक्त्यात असायला हवे.